अल्सासची सुगंधी पांढरी वाइन आणि मिश्र मळ्याची वाइन: पहिल्यांदा चाखायला जाणाऱ्यांसाठी

जर्मनीतून ऱ्हाइन नदी ओलांडली की फ्रान्सचा जो चिंचोळा पट्टा लागतो, तो अल्सास. पश्चिमेला व्होज डोंगर, पूर्वेला ऱ्हाइन, आणि डोंगराच्या पायथ्याने उत्तर-दक्षिण पसरलेल्या द्राक्षबागा. स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, फ्रँकफर्टकडची बरीच मराठी मंडळी शनिवार-रविवार जोडून इथे येतात, कोल्मार आणि रिकवीरमधली लाकडी चौकटींची रंगीत घरं बघतात, चौकात एखादा ग्लास घेतात आणि परततात. ग्लासात काय होतं असं विचारलं, तर ‘गोडसर होतं, वास छान होता’ याच्यापुढे काही आठवत नाही. वाइनची माहिती आहे, पण सगळी फ्रेंच किंवा जर्मन भाषेत, आणि दुकानात उभं राहून चाळीस बाटल्यांसमोर काय मागायचं ते कळत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

माझं मुख्य सांगणं आधीच सांगते. अनेक वाण एकाच मळ्यात लावून, एकत्र तोडून, एकत्र आंबवलेली वाइन ही मला अल्सासची सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. पण सुरुवात तिथून करू नका. आधी एकेका वाणाशी ओळख करून घ्या, मग मिश्रणाकडे वळा. आणि मिश्र मळ्याच्या वाइनपाशी पोचलात की वाण ओळखायचा नाद सोडा. पुढचे सगळे टप्पे याच क्रमाने लावले आहेत.

१. निघण्यापूर्वी: कागदपत्रं आणि सामान

जर्मनीत राहत असाल तर:
- मूळ पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड, दोन्ही. शेंगेन भाग आहे म्हणून अनेकजण पासपोर्ट घरी ठेवतात. २०२४ पासून जर्मनी आपल्या सीमांवर पुन्हा तपासणी करते आहे. परतताना ट्राममध्ये किंवा पुलावर पोलीस कागदपत्रं मागू शकतात.
- गाडीने जात असाल तर वाहन परवाना आणि गाडीची कागदपत्रं.

भारतातून येत असाल तर शेंगेन व्हिसा, प्रवास विमा आणि मुक्कामाचं आरक्षण नेहमीप्रमाणे लागेलच.

चाखण्यासाठी जे सोबत ठेवायचं:
- छोटी वही आणि पेन्सिल. मोबाइलवर लिहिण्यात लक्ष विचलित होतं.
- पाण्याची बाटली आणि साधा पाव किंवा मीठ नसलेली बिस्किटं.
- एक पांढरा कागद. त्यावर ग्लास तिरका धरला की रंगातला फरक नीट दिसतो.
- गाडी असेल तर थंडावा टिकवणारी पिशवी. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत वाइन काही तासांत बिघडते.

जे नेऊ नये ते म्हणजे अत्तर. त्या दिवशी सेंट, सुगंधी तेल, वासाचं हातमलम काही लावू नका. इथल्या वाइनचं सगळं वैभव वासात आहे. तुमच्या मनगटावरचा मोगरा तुमचंच नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसाचंही चाखणं बिघडवतो.

२. कधी जायचं आणि कसं पोचायचं

जर्मन बाजूला केल स्टेशनपर्यंत प्रादेशिक रेल्वे जाते आणि डॉइचलँड तिकीट (जर्मनीभरचा मासिक पास) चालतं. तिथून २०१७ साली केलपर्यंत वाढवलेली ट्रामची डी मार्गिका ऱ्हाइन ओलांडून स्ट्रासबुर्ग शहरात नेते. तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं. स्ट्रासबुर्गहून कोल्मारला रेल्वेने साधारण अर्धा तास लागतो. कोल्मारला मुक्काम केला की एगिशाइम सायकलच्या अंतरावर आहे, टुर्कहाइमला लोकल गाडी जाते, रिकवीर आणि रिबोव्हिलेला बस मिळते. रविवारी बस फार कमी असतात. परतीची वेळ आधीच बघून ठेवा.

गाडीने फिरायचं असेल तर १९५३ साली आखलेला ‘वाइन मार्ग’ उत्तरेला मार्लेनहाइमपासून दक्षिणेला थानपर्यंत सुमारे १७० किलोमीटर जातो. तो पूर्ण करायच्या मागे लागू नका. एका दिवसात दोन गावं आणि दोन तळघरं, एवढं पुरेसं आहे. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत नाक थकलेलं असतं आणि सगळ्याच वाइन सारख्या लागायला लागतात.

चालकासाठी एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते. फ्रान्समध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, नवशिक्या चालकांसाठी ०.२ ग्रॅम. सायकलस्वारांनाही ती लागू आहे. गाडी चालवणाऱ्याने प्रत्येक घोट थुंकायचा, किंवा त्या दिवशी नुसता वास घ्यायचा.

मे-जून हा काळ उत्तम. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी चालू असते, बागा बघायला छान असतात, पण छोट्या घरच्या उत्पादकांना तुमच्याशी बोलायला सवड नसते. डिसेंबरमध्ये नाताळच्या बाजारांमुळे गावांत पाय ठेवायला जागा नसते; त्या महिन्यात वाइन शिकायला जाऊ नका.

३. लेबल वाचायला शिका

अल्सासची बाटली उंच, सडपातळ, हिरवट असते, त्यामुळे दुकानात लगेच ओळखू येते. लेबलावर चार गोष्टी शोधा.

पहिली, द्राक्षाचं नाव. फ्रान्सच्या बहुतेक भागांत लेबलावर गावाचं नाव असतं आणि द्राक्ष कोणतं ते आपल्याला माहीत असावं अशी अपेक्षा असते. अल्सासमध्ये वाणाचं नाव ठळक छापायची रीत रुजली आहे. वाणाचं नाव असेल, तर ती वाइन पूर्णपणे त्याच वाणाची.

दुसरी, दर्जा. साधी ‘अल्सास’ ही श्रेणी १९६२ ची. त्यावर ‘अल्सास ग्राँ क्रू’, १९७५ साली सुरू झालेली. आज असे ५१ नामांकित उतार आहेत. ग्राँ क्रूच्या लेबलावर त्या उताराचं नाव असतं: श्लॉसबर्ग, ब्रांड, शोनेनबुर्ग, रांगेन वगैरे. काही अपवाद सोडले तर ग्राँ क्रूसाठी चारच वाणांना परवानगी आहे: रीसलिंग, मस्कट, पिनो ग्री आणि गेव्युर्त्सट्रामिनर. तुम्हाला शिकायची आहेत तीही हीच चार.

तिसरी, गोडवा. नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, समजून आणलेली बाटली घरी उघडल्यावर गोड निघते. २०२१ च्या हंगामापासून लेबलावर गोडव्याचा शब्द छापणं बंधनकारक आहे, त्यामुळे आता काम सोपं झालं आहे:
- सेक: कोरडी. लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर. आम्लता भरपूर असेल तर ९ ग्रॅमपर्यंत.
- देमी-सेक: किंचित गोड. १२ ग्रॅमपर्यंत, आम्लतेनुसार १८ पर्यंत.
- म्वालो: गोड. त्यापुढे ४५ ग्रॅमपर्यंत.
- दू: ४५ ग्रॅम आणि वर.

२०२१ च्या आधीची बाटली असेल तर विक्रेत्याला विचारा. काही उत्पादक मागच्या बाजूला गोडव्याची आकड्यांची पट्टी छापतात, तीही बघा.

चौथी, उशिराच्या तोडणीची नावं. ‘व्हाँदांज तार्दीव्ह’ म्हणजे घड वेलीवर जास्त दिवस ठेवून, साखर वाढल्यावर तोडलेले. ‘सेलेक्स्यों द ग्रॅं नोब्ल’ म्हणजे बोट्रायटिस या बुरशीने सुकवलेले मणी वेचून केलेली, अतिशय दाट आणि गोड वाइन. या दोन्ही नावांना १९८४ साली कायद्याची चौकट मिळाली. या महाग असतात आणि छोट्या बाटल्यांतही मिळतात. पहिल्या दिवशी त्या शेवटीच चाखा. आधी घेतल्या तर त्यानंतरची प्रत्येक वाइन पाणचट लागेल.

४. घरीच नाक तयार करा

जायच्या आधी एक संध्याकाळ यासाठी ठेवा. ताटात लिंबाचं किसलेलं साल, हिरवं सफरचंद, पिकलेलं पेअर, लिची (डब्यातली चालेल), गुलाबपाणी किंवा गुलकंद, आल्याचा तुकडा, मध आणि ताजी द्राक्षं ठेवा. डोळे मिटून एकेक ओळखा. हा खेळ वाटतो, पण तळघरात उभं राहिल्यावर याचाच उपयोग होतो. आपल्याला वास येत असतो, फक्त नाव सापडत नाही.

पुस्तकी शब्दांना बांधून घेऊ नका. तिथल्या लोकांच्या वर्णनात एल्डरफ्लॉवर, क्विन्स, मिराबेल असे शब्द येतात. आपण ते लहानपणापासून हुंगलेले नाहीत. तुम्हाला सोनचाफा आठवला, पपनसाची फोड आठवली, केवड्याचं पाणी आठवलं, तर तेच लिहा. वहीतला शब्द पुढच्या वेळी तुम्हाला ती वाइन आठवून देतो ना, एवढंच त्याचं काम.

५. चार वाण, याच क्रमाने

नाशिकची शेनँ ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ प्यायलेल्यांना इथे पहिला फरक जाणवेल तो हवामानाचा. नाशिकला द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये, वाढत्या उन्हात तयार होतात. अल्सासमध्ये ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दिवस लहान आणि रात्री गार होत जाताना पिकतात. पश्चिमेकडून येणारे ढग व्होज डोंगर अडवतो. म्हणून कोल्मार हे फ्रान्समधल्या सगळ्यात कमी पावसाच्या शहरांपैकी एक आहे. शरद लांबतो आणि कोरडा जातो. साखर चढते, पण आम्लता आणि वास टिकतो. सुगंधी पांढऱ्या वाइनसाठी याहून चांगलं काय हवं?

सुरुवातीला तोंड जागं करायला एखादी सिल्व्हानेर किंवा पिनो ब्लाँ घ्या. दोन्ही हलक्या. मग पुढे.

मस्कट. वाइनला ताज्या द्राक्षाचाच वास येतो असे वाण जगात फार थोडे, त्यातलं हे एक. नाकाला वाटतं की आता गोड रस तोंडात येणार, पण अल्सासची मस्कट बहुतेक वेळा कोरडी असते. हा धक्का पहिल्यांदाच बसू द्या. गोड वास आणि गोड चव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मस्कटइतकं स्वच्छ कोणी शिकवत नाही. लागवड कमी, त्यामुळे सगळीकडे मिळेलच असं नाही. दिसली तर सोडू नका.

रीसलिंग. उशिरा पिकणारं, आम्लतेचं द्राक्ष. लिंबाचं साल, हिरवं सफरचंद, कधी पांढऱ्या फुलांचा वास. इथे वेळ घालवा, कारण माती म्हणजे काय ते रीसलिंगमध्ये कळतं. अल्सासमध्ये डोंगर आणि ऱ्हाइनचं खोरं यांच्यामधला भूभाग तुटून-खचून एकमेकांशेजारी वेगवेगळे खडक आले आहेत: श्लॉसबर्गला ग्रॅनाइट, थानजवळच्या रांगेनला ज्वालामुखीचा खडक, आंदलाऊच्या कास्टेलबर्गला शिस्ट हा पापुद्र्यांचा खडक. शक्य असेल तर एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षाच्या, दोन वेगळ्या उतारांवरच्या रीसलिंग शेजारी ठेवून मागा. जुन्या रीसलिंगला रॉकेलसारखा वास येतो. ती बिघडलेली नाही. वय आणि ऊन यांमुळे टीडीएन नावाचं संयुग तयार होतं, त्याचा तो वास.

पिनो ग्री. फिकट सोनेरी, जाडसर, मध, पिकलेलं पेअर आणि किंचित धुराची छटा. गोडव्याबाबत सगळ्यात बेभरवशाचं द्राक्ष हेच. लेबलावरचा शब्द बघितल्याशिवाय घेऊ नका. एखाद्या जुन्या बाटलीवर ‘टोके पिनो ग्री’ असं दिसलं तर गोंधळू नका. हंगेरीच्या टोकाय वाइनशी गल्लत होऊ नये म्हणून २००७ पासून तो शब्द वापरता येत नाही, द्राक्ष तेच आहे.

गेव्युर्त्सट्रामिनर. मराठी नाकाला सगळ्यात आधी भिडते ती हीच. लिची, गुलाब, गुलकंद, मागे आल्याची तिखट झुळूक. यातलं काही कल्पनेतलं नाही: गुलाब, लिची आणि गेव्युर्त्सट्रामिनर या तिन्हींच्या वासात रोज ऑक्साइड नावाच्या एकाच संयुगाचा मोठा वाटा आहे. मण्याची साल गुलाबीसर, आम्लता कमी, अल्कोहोल जास्त, आणि शेवटी जिभेवर बारीक कडवटपणा. तो कडवटपणा सालीचा, त्याला दोष समजू नका. हिचा वास इतका भरून राहतो की हिच्यानंतर रीसलिंग चाखण्यात अर्थ नाही. म्हणून ही शेवटी.

६. एक घोट नेमका कसा घ्यायचा

चाखण्यापुरती ३० ते ५० मिलिलिटर ओततात. ग्लास दांडीला धरा. वाटीला धरला की हाताने वाइन तापते. रीसलिंग ८ ते १० अंशांना आणि गेव्युर्त्सट्रामिनर, पिनो ग्री १० ते १२ अंशांना खुलतात. फ्रिजमधून थेट काढलेल्या गार वाइनला वास येत नाही. दहा मिनिटं थांबा.

आधी न हलवता हुंगा. मग ग्लास गोल फिरवून पुन्हा हुंगा. आता छोटा घोट, तोंडात सगळीकडे फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. थुंका. मग घड्याळाकडे न बघता मनात मोजा, चव किती वेळ रेंगाळते.

दोन युक्त्या मला फार उपयोगी पडतात.

साखर आहे की नुसता वास, हे कळत नसेल तर घोट तोंडात असताना नाक चिमटीत धरा. वास गायब होतो. जिभेवर जे गोड उरलं, ती खरी साखर. गेव्युर्त्सट्रामिनरबरोबर हे जरूर करून बघा.

आम्लता ओळखायची तर थुंकल्यानंतर मान किंचित खाली घालून थांबा. गालांच्या आतून लाळ सुटायला लागते. जितकी जास्त सुटते, तितकी आम्लता जास्त. गोड वाइनमध्ये आम्लता साखरेआड लपते, तिथे ही खूण हमखास पकडून देते.

थुंकायची लाज वाटू देऊ नका. प्रत्येक तळघरात त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, तिथे त्याला ‘क्राश्वार’ म्हणतात. सहा वाइन गिळल्या तर सातवीबद्दल तुम्ही जे लिहाल त्याला किंमत नाही.

७. आता मिश्रण: एडेलत्स्विकर, जाँती आणि मिश्र मळा

दुकानात तिन्ही शेजारी शेजारी असतात आणि नवख्याला एकच वाटतात. फरक नीट समजून घ्या.

एडेलत्स्विकर म्हणजे पांढऱ्या वाणांचं कसलंही मिश्रण. प्रमाणाची अट नाही. वाण वेगळे आंबवून मिसळा किंवा एकत्र आंबवा. बऱ्याचदा एक लिटरच्या बाटलीत मिळते आणि दुकानातली स्वस्त वाइन असते. रोजच्या जेवणाबरोबर घ्यायला ठीक. दर्जा मात्र पूर्णपणे उत्पादकावर अवलंबून, म्हणून चाखल्याशिवाय खोका उचलू नका.

जाँतीला नियम आहेत. रीसलिंग, मस्कट, पिनो ग्री, गेव्युर्त्सट्रामिनर या चारांचा मिळून किमान ५० टक्के वाटा हवा, आणि प्रत्येक वाण आधी वेगळा आंबवून मग मिसळायचा. रिकवीरच्या ह्युगेल घराण्याची जाँती सहज सापडते. तुलनेसाठी चांगली आहे.

मिश्र मळ्याची वाइन ही या दोन्हींपेक्षा वेगळी, कारण मिसळण्याचं काम तळघरात होत नाही. वेली मळ्यातच मिसळलेल्या असतात. एकाच ओळीत रीसलिंगशेजारी पिनो ग्री, तिच्याशेजारी मस्कट, मग सिल्व्हानेर. सगळे घड एकाच वेळी तोडतात, एकत्र दाबून रस काढतात, एकाच पिंपात आंबवतात. फ्रेंचमध्ये या लागवडीला ‘कोंप्लांतास्यों’ म्हणतात.

शेतकरी असं का करत? आपल्याकडे ज्वारीत तूर टाकतात त्याच कारणाने. एक पीक गेलं तर दुसरं हाती लागावं. गेव्युर्त्सट्रामिनरला लवकर कोंब फुटतात, त्यामुळे वसंतात उशिरा पडणारं गोठवणारं दहिवर तिला मारतं. मस्कटचा फुलोरा थंड पावसात गळतो. रीसलिंग उशिरा पिकतं, त्याला शरद आखडला तर त्रास. सगळे एका मळ्यात असले की दरवर्षी काही ना काही तगतंच. आणि तोडणीच्या दिवशी एक वाण नुकता पिकलेला, एक जरा हिरवा, एक पिकून मऊ झालेला असतो. हिरव्याकडून आम्लता, पिकलेल्याकडून साखर आणि वास. वर्षानुवर्षं शेजारी वाढलेल्या वेलींच्या पिकण्याच्या वेळा हळूहळू जवळ येतात, असं या पद्धतीचे पुरस्कर्ते सांगतात.

विसाव्या शतकात एका मळ्यात एकच वाण आणि लेबलावर त्याचं नाव ही रीत पक्की झाली आणि मिश्र मळे मागे पडले. ती पद्धत पुन्हा जोमाने मांडली बेर्गहाइमच्या झाँ-मिशेल देइस यांनी. त्यांच्या ‘दोमेन मार्सेल देइस’च्या बहुतेक बाटल्यांवर वाणाचं नाव नसतं, जागेचं असतं: एंगेलगार्टन, बुर्ग, आल्टेनबर्ग द बेर्गहाइम. त्यातल्या आल्टेनबर्ग द बेर्गहाइम या ग्राँ क्रूला मिश्र वाणांची वाइन करायची परवानगी आहे. अमरश्विहर गावचा केफरकॉफ, जो २००७ साली ५१ वा ग्राँ क्रू झाला, तिथेही मिश्रण चालतं. पहिल्या ओळखीसाठी देइसची ‘कोंप्लांतास्यों’ याच नावाची, १३ पारंपरिक वाणांची वाइन पुरेशी आहे. ग्राँ क्रूपर्यंत लगेच खर्च करायची गरज नाही.

आता ही चाखायची कशी? मिश्र मळ्याच्या वाइनपाशी आलेला प्रत्येक नवखा लिची शोधतो, सापडली की ‘हं, गेव्युर्त्स आहे’ म्हणतो आणि थांबतो. तसं केलंत तर हातात उत्तर राहतं आणि वाइन निसटते. त्याऐवजी वहीत तीनच प्रश्न लिहा. तोंडात वाइन कुठून कुठे सरकते: जिभेच्या टोकावर, कडांना, घशाजवळ? तिचा पोत कसा आहे: पाण्यासारखा, तेलकट, की खडूसारखा कोरडा? आणि थुंकल्यावर शेवटी काय उरतं: आंबट, खारट, कडू? ही उत्तरं वाणाची नसतात, जास्त करून त्या उताराची आणि त्या वर्षाची असतात.

घरी करायचा एक प्रयोग. कोरडी रीसलिंग आणि गेव्युर्त्सट्रामिनरची एकेक बाटली घ्या. चार ग्लासांत मिसळा: एकात नुसती रीसलिंग, दुसऱ्यात नऊ भाग रीसलिंग आणि एक भाग गेव्युर्त्सट्रामिनर, तिसऱ्यात तीन भागांस एक, चौथ्यात निम्मं-निम्मं. एवढ्याशा दहाव्या भागानेही वास कसा फिरतो ते बघा. मग शेजारी मिश्र मळ्याची वाइन ओता. तुमच्या मिश्रणात वास एकीकडे आणि चव दुसरीकडे जाते. एकत्र आंबलेल्या चांगल्या वाइनमध्ये तो सांधा सापडत नाही. हा फरक एकदा कळला की तुम्हाला पुढे कोणाच्या मार्गदर्शनाची फारशी गरज उरणार नाही.

८. तळघरात वागायची रीत

बहुतेक छोटी तळघरं म्हणजे लोकांची घरंच आहेत. आत शिरताना ‘बोंझूर’ म्हणा, मगच बोला. आधी मेल किंवा फोन करून वेळ घ्या. दुपारी १२ ते २ जेवणाची सुट्टी असते, रविवारी अनेकजण बंद ठेवतात. गावातली मोठी सहकारी तळघरं सहसा वेळ न घेताही चालतात, आणि नवख्यांना तिथे संकोच कमी वाटतो. रिबोव्हिलेची सहकारी संस्था १८९५ ची, फ्रान्समधली सगळ्यात जुनी.

काही ठिकाणी चाखण्याचे पैसे घेतात, काही ठिकाणी नाही. घेत नसतील तर निघताना एखादी तरी बाटली घ्यावी, हा तिथला न सांगितलेला शिष्टाचार आहे. सात-आठ जणांचा घोळका घेऊन न कळवता जाऊ नका. आणि सुरुवातीलाच सांगा की तुम्हाला आधी कोरड्या वाइन, एकेक वाण, आणि शेवटी मिश्र मळ्याची असा क्रम हवा आहे. नाहीतर पर्यटक दिसला की गोड बाटली आधी पुढे येते.

९. खाणं, आणि शाकाहाऱ्यांसाठी

गावोगाव मिळणाऱ्या फ्लामक्युशवर, म्हणजे पातळ भाजलेल्या भाकरीवजा पोळीवर, सायीचा थर, कांदा आणि डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. ‘साँ लार्दों’ म्हटलं की मांसाशिवाय करून देतात. मुन्स्टर चीजचा वास उग्र, पण गेव्युर्त्सट्रामिनरबरोबर ते फार जमतं. वसंतात पांढरा अ‍ॅस्परॅगस येतो, त्याच्याबरोबर कोरडी मस्कट घ्या.

वाइन स्वच्छ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात. अंडं आणि दूध यांचा अंश उरला असेल तर लेबलावर तसं लिहावं लागतं, माशाच्या पदार्थाला मात्र यातून सूट आहे. काटेकोर शाकाहारी असाल तर ‘व्हीगन’ असं छापलेलीच बाटली घ्या, किंवा उत्पादकाला थेट विचारा.

१०. खरेदी आणि घरी नेणं

फ्रान्समधून जर्मनीत स्वतःच्या वापरासाठी नेलेल्या वाइनवर शुल्क नाही. भारतात नेताना एका प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्कमुक्त आहे. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या झाल्या की ५०० मिलिलिटर शिल्लक राहतात. तिथे उशिराच्या तोडणीची ३७५ किंवा ५०० मिलिलिटरची छोटी बाटली नेमकी बसते. हातातल्या सामानात वाइन चालत नाही. अल्सासची बाटली उंच असल्यामुळे छोट्या सुटकेसमध्ये आडवी तिरकी ठेवावी लागते. तिला कपड्यांच्या मधोमध, दोन्ही टोकांना मोजे बांधून ठेवा.

भारतातल्या घरात, उन्हाळ्यात, कपाटावर ठेवलेली रीसलिंग टिकत नाही. वातानुकूलित कपाट नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि काही महिन्यांत उघडा. कोरडी मस्कट आधी संपवा. रीसलिंग आणि मिश्र मळ्याची वाइन त्यामानाने जास्त टिकतात.

११. अल्सासनंतर

मिश्र मळ्यांची गोडी लागली तर पुढचा मुक्काम व्हिएन्ना. शहराच्या हद्दीतच द्राक्षबागा आहेत, आणि तिथल्या ‘गेमिश्टर झात्स’ला २०१३ पासून स्वतःची नियमावली आहे: किमान तीन पांढरे वाण एकाच मळ्यात, कोणत्याही एकाचा वाटा ५० टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या वाणाचा वाटा किमान १० टक्के हवा. तिथल्या ‘हॉयरिगे’ म्हणजे उत्पादकांच्याच खानावळींत ती ग्लासाने मिळते. अल्सासपेक्षा ती साधारण हलकी आणि कोरडी असते. वही सोबत न्या, आणि तेच तीन प्रश्न विचारा.